चार बोटांची दोन बोटं

आमच्या स्विफ्टच्या पुढच्या टायरवर हात आडवा धरला की टायर आणि मडगार्डच्या मध्ये चार बोटं आरामात जायची. वर थोडी जागा उरायची ती वेगळीच. गाडी घेऊन दोन वर्षं झाली तरी ही फट मला दिसली नव्हती. ऑफिसातल्या एका मुलाने जेवणाच्या सुट्टीत पार्किंगमध्ये सहज हात घालून दाखवला आणि म्हणाला, "मॅडम, गाडी चांगली आहे, पण धोतर वर खोचून उभी आहे." झालं. त्या दिवसापासून माझ्या डोळ्यांना दुसरं काही दिसेना. सिग्नलला शेजारी गाडी थांबली की मी तिची फट बघायची. माझी गाडी मला चिखलातून चाललेल्या माणसासारखी वाटायला लागली.

माझं माहेर सावंतवाडी, सासर चोडण. पणजीत एका खाजगी कन्सल्टन्सीत मी रस्त्यांची ड्रॉइंग करते. हुद्दा ड्राफ्ट्समन, बाई असले तरी ड्राफ्ट्समनच. दिवसभर ऑटोकॅडवर रस्त्याचे आडवे छेद, उभे छेद, उतार, गटारं. पाणी वाहून जावं म्हणून रस्त्याच्या मध्यापासून कडेला किती उतार द्यायचा हे मी झोपेतही सांगेन. आणि तरी सांगते, रस्ता म्हणजे काय हे मला त्या गाडीच्या स्प्रिंगा बदलल्यावर कळलं. तोवर मी रस्ता वरून पाहत होते.

नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो पेपर वाचत होता. पेपर खाली न करता म्हणाला, "लोक गाडी उंच करून घ्यायला पैसे देतात." बरोबरच होतं त्याचं. चोडण बेट. चारी बाजूंनी पाणी, खाजनं म्हणजे खाऱ्या पाण्यालगतची शेतं, बांध. पावसात मानशीजवळच्या, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारांजवळच्या रस्त्यावर पाणी येतं तेव्हा उंच गाडीवाले शहाणे ठरतात. पण हौसेला उत्तर नसतं, आणि पैसे माझे होते.

२२ हजारांना चार स्प्रिंगा आल्या. खोकं उघडलं तेव्हा पहिली भावना फसवणुकीची: एवढ्याशा? जुन्या स्प्रिंगांपेक्षा आखूड, तार मात्र जाड. लाल रंग इतका चकचकीत की त्या चाकांमागे लपणार याचं वाईट वाटलं. पुढच्या दोन, मागच्या दोन, प्रत्येकीवर नंबर छापलेला. कागदावर लिहिलं होतं, गाडी ३५ मिलिमीटर खाली येईल. पस्तीस मिलिमीटर म्हणजे दोन बोटं. चारातली दोन.

स्प्रिंग आखूड आहे म्हणजे नुसती आखूड करून चालत नाही, हे मला मामांनी शिकवलं. मामा म्हणजे म्हापशातले आमचे मेकॅनिक. मूळचे बेळगावकडचे, तीस वर्षं गोव्यात, वयाने साठीकडे झुकलेले. सगळं गिऱ्हाईक त्यांना मामाच म्हणतं. त्यांच्याकडे याआधी एक पोरगा स्प्रिंग कापून आला होता. ग्राइंडरने दीड वेटोळं उडवलेलं. "शेवटचं वेटोळं बसकं असतंय, ते रबरावर टेकतंय," मामा सांगत होते. "ते कापलं की टोक उघडं. चाक खड्ड्यात लोंबलं की स्प्रिंग जागा सोडती. मग ती कुठं जाईल, देवाला ठाऊक." तो पोरगा ऐकून गेला की नाही माहीत नाही. मला मात्र त्यांनी स्प्रिंगा बघितल्यावर, त्या कापलेल्या नाहीत याची खात्री झाल्यावरच वेळ दिली.

शाळेत हुकचा नियम सगळ्यांनी पाठ केलेला असतो. रॉबर्ट हुक या इंग्रज माणसाने तो १६७६ मध्ये अक्षरं उलटीसुलटी करून छापला, म्हणजे शोध आपलाच ठरावा पण कोणाला कळू नये, आणि १६७८ मध्ये उकल सांगितली: जसा ताण, तसं बळ. दुप्पट दाबा, दुप्पट जोर. पण स्प्रिंग मुळात किती कडक, हे तारेच्या जाडीवर ठरतं, आणि तिथे हिशेब सरळ राहत नाही. जाडीचा चौथा घात लागतो. तार फक्त ५ टक्के जाड केली तरी स्प्रिंग २१ टक्क्यांहून जास्त कडक होते. म्हणून माझ्या हातातली ती जाड तार. गाडी खाली आली की चाकाला वर सरकायला जागा कमी उरते. मग उरलेल्या जागेत धक्का थोपवायचा तर स्प्रिंगने आधीपासूनच जोर लावायला हवा. याची किंमत पाठीला मोजावी लागते. गाडीच्या वजनाने मूळची स्प्रिंग १५ सेंटिमीटर दबत असेल तर गाडी मिनिटाला साधारण ७७ वेळा वरखाली होऊ पाहते. तीच २१ टक्के कडक केली तर ८५ वेळा. आकडा वाचताना काहीच वाटत नाही. आगशीच्या बाजूने यायचं असेल, पोटात नुकतंच जेवण असेल, तर वाटतं.

रविवारी सकाळी आठला गाडी मामांच्या शेडमध्ये. जॅक लावला, खाली घोड्या सरकवल्या, चाकं काढली. चाकामागे इतकं सामान असतं हे मी पहिल्यांदाच जवळून पाहत होते. सगळ्यावर तांबड्या मातीचा थर, त्यात तेल मुरलेलं, वाळून कवच झालेलं. डिचोलीच्या बाजूने खनिजाचे ट्रक जायचे तेव्हाची ती माती असेल का, असा विचार आला. गाडी २०१४ ची, आम्ही घेतली तेव्हाच सेकंडहँड. मामांनी स्क्रूड्रायव्हरने कवच उचकटलं, ते खापरासारखं तुटून पडलं.

पुढच्या बाजूला शॉकअप आणि स्प्रिंग एकाच खांबात असतात. अर्ल मॅकफर्सन नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने १९४० च्या दशकात ही रचना बसवली, आणि आज जगातल्या बहुतेक छोट्या गाड्यांची पुढची चाकं त्याच खांबावर उभी आहेत. स्वस्त, जागा कमी खाणारी. मामांना मॅकफर्सन माहीत नव्हता, खांब माहीत होता. लिंक रॉडचा नट, ब्रेकच्या पाइपची क्लिप, वायर, मग चाकाला धरणाऱ्या लोखंडी तुकड्याचे, नकलचे, दोन मोठे बोल्ट. एक बोल्ट हलेना. गोव्यातली हवा लोखंडाला सोडत नाही. मामांनी गंजाचं तेल मारलं, चहा मागवला, चहा संपेपर्यंत बोल्टकडे बघितलंसुद्धा नाही, मग पान्याला पाइप लावून एका झटक्यात फिरवला. किर्र करून जो आवाज आला तो माझ्या दातांत अजून आहे.

खांब बाहेर आला. आता त्यातली स्प्रिंग सोडवायची. त्यासाठी दोन बाजूंनी दोन आकडे लावून, मधले लांब स्क्रू आवळत स्प्रिंग दाबतात, वरचा नट सैल होईपर्यंत. इथे मामांचा आवाज बदलला. शेडमधल्या दोन्ही पोरांना नावाने हाक मारून बाजूला केलं. मला म्हणाले, "ताई, समोर उभ्या राहू नका. भिंतीकडे या." मी गेले. मग मनात हिशेब केला, कारण मला भीती वाटली की मी हिशेब करते. स्प्रिंगला एक मिलिमीटर दाबायला दोन किलोचा जोर लागत असेल आणि ती १५ सेंटिमीटर दाबलेली असेल, तर आत जी शक्ती कोंडलेली आहे ती म्हणजे दहा किलोची तांदळाची पिशवी माणसाच्या डोक्याच्याही वरून, सव्वादोन मीटरवरून सोडावी तेवढी. आणि ती पिशवी लोखंडाची, आणि ती कुठल्या दिशेने पडेल हे सांगता येत नाही. मामा एका बाजूचा स्क्रू दोन फेरे फिरवत, मग दुसऱ्या बाजूचा दोन फेरे. इतक्या सावकाश की शेजारच्या दुकानातला रेडिओ ऐकू यायला लागला. नट सुटला, वरची टोपी हातात आली, आणि सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. पोरांपैकी एकजण हसला. मामा हसले नाहीत.

आतलं रबरी बूट फाटलेलं होतं, बंप स्टॉपचा चुरा झालेला. गाडी पार खाली दबली की धातूवर धातू आपटू नये म्हणून शॉकअपच्या दांड्यावर जो फोमसारखा गोळा असतो, तो बंप स्टॉप. दहा वर्षांत त्याचं पीठ झालं होतं आणि आम्हाला पत्ता नव्हता. नवीन घातले. मागच्या बाजूचं काम त्यामानाने पोरखेळ. मागे स्प्रिंग वेगळी, शॉकअप वेगळा. शॉकअपचा खालचा बोल्ट काढला, धुरा खाली झुकला, स्प्रिंग हातानेच निघाली.

एक गोष्ट मात्र लिहून ठेवते, कारण ती कुठल्या कागदावर नव्हती. सगळं बसवून झालं तरी मामांनी सांध्यांतल्या रबरी बुशांचे काही बोल्ट नुसते हाताने फिरवून ठेवले होते. चाकं लावली, गाडी जमिनीवर टेकवली, मला आत बसवलं, दोनदा वरखाली दाबली, आणि मग खाली सरपटत जाऊन ते बोल्ट आवळले. "बुशचं रबर दोन्हीकडून चिकटलेलं असतंय. चाक लोंबतंय तवा आवळलं की रबराला वाटतंय आपली जागा तीच. मग गाडी उभी राहिली की ते बिचारं कायम पिळलेलं." पिळलेलं रबर फाटतं, कुरकुरतं. मला ते 'वाटतंय' फार आवडलं. मी ऑफिसात एका साहेबाबद्दल ते नंतर वापरलंही.

गाडी शेडबाहेर काढून उन्हात उभी केली. हात आडवा घातला. दोन बोटं. तिसरं अडलं.

खोटं कशाला बोलू, ती सुंदर दिसत होती. पुढचे काही दिवस मी गाडी लावून दहा पावलं गेल्यावर मागे वळून बघायची. आणि चालवताना जो फरक पडला त्यासाठी तर मी तयारच नव्हते. पणजीच्या अटल सेतूवर सकाळी सातच्या सुमारास, मांडवीवर धुकं, गाडी जणू पुलाला चिकटून चाललेली. एका शनिवारी चोरला घाटात गेले. आधी वळणावर गाडी बाहेरच्या बाजूला कलायची, मग सावरायची, मग पुढचं वळण. आता कलणं जवळजवळ नाहीच. स्टिअरिंग फिरवलं की गाडी फिरली. केरी सोडून चढण लागल्यावर मी एकटीच मोठ्याने "अगं बाई!" म्हणाले. ते सुख खरं होतं, त्यावर कोणी मला लेक्चर देऊ नये.

मग सोमवार आला आणि गतिरोधक आले.

माझ्या ड्रॉइंगमध्ये गतिरोधक कसा असतो ते सांगते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या शिफारशीप्रमाणे गोलाकार, ३.७ मीटर रुंद, मध्यभागी १० सेंटिमीटर उंच, १७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा. ताशी २५ किलोमीटरने जाणाऱ्या गाडीसाठी. हा आकार मी किती वेळा कॉपी-पेस्ट केला असेल त्याची गणती नाही, पण त्याच्याशी भांडायची वेळ आली नव्हती. रात्री बसून काढलं. स्विफ्टच्या दोन चाकांमधलं अंतर २४३० मिलिमीटर. १७ मीटर त्रिज्येच्या कमानीवर दोन्ही चाकं चढलेली असताना मध्ये रस्ता पोटाकडे येतो तो फक्त ४३ मिलिमीटर. जमिनीपासून पोटाची उंची कंपनीची १७०, माझी आता १३५. १३५ मधून ४३ गेले, ९२ उरले. म्हणजे नियमाप्रमाणे बांधलेला गतिरोधक माझी खाली आणलेली गाडी हसत हसत ओलांडते. दोष माझ्या स्प्रिंगांचा नाही!

हा विजय सकाळपर्यंत टिकला. कारण माझ्या वाटेवरचा एकही गतिरोधक ड्रॉइंगमधला नव्हता. एक देवळासमोरचा, अरुंद, जणू रस्त्यात झोपलेला डांबराचा ओंडका. एक शाळेसमोरचा, कोणीतरी अपघात झाल्यावर रातोरात सिमेंटने बांधलेला. असा अरुंद उंचवटा दोन चाकांच्या मध्ये सबंध मावतो, मग त्याची अख्खी उंची पोटाखाली येते. तो १२ सेंटिमीटरचा असेल, आणि गाडीत चार माणसं बसलेली असतील, तर स्प्रिंगा आणखी तीनेक सेंटिमीटर दबतात. १०५ मिलिमीटरच्या गाडीने १२० चा उंचवटा ओलांडायचा. खर्रर्र. त्या आवाजाला गोव्यात सगळे एकच वाक्य म्हणतात: चेंबर लागलं.

चेंबर लागू नये म्हणून तिरपं जायचं असतं. एक चाक आधी चढवायचं, मग दुसरं. समोरून कदंबची बस येत असताना हे करून बघावं. घर ते ऑफिस अकरा गतिरोधक, हे मी आधी कधी मोजलेच नव्हते. आता मला प्रत्येकाची बाजू माहीत झाली: कुठला डावीकडे झिजलेला आहे, कुठल्याच्या कडेला ट्रकांनी खाच पाडली आहे. दोन महिन्यांनी ऑफिसात एका गावच्या रस्त्याचं ड्रॉइंग आलं, त्यात पाच गतिरोधक. मी पहिल्यांदाच साइट इंजिनिअरला फोन करून विचारलं, "हे असेच बांधणार ना?" तो गोंधळला. "म्हणजे, कसे?" म्हणाला.

गाडी खाली आली की पुढची चाकं किंचित आत झुकतात, टो म्हणजे चाकांच्या तोंडाची दिशाही बिघडते. म्हणून पाचशेएक किलोमीटर चालवून स्प्रिंगा बसल्या की अलाइनमेंट करायची, असं मामांनी बजावलं होतं. मी केली. हायवेवरच्या एका चकचकीत दुकानात. मुलाने चारही चाकांना आरसे लावले, स्क्रीन बघितला, प्रिंट काढून दिली, सगळं हिरवं. चार महिन्यांनी टायरच्या आतल्या कडेवरून बोट फिरवलं तर गुळगुळीत. बाहेरून टायर नवा, आतून टक्कल. मामांनी प्रिंट बघितली, उलटी करून बघितली, आणि मागच्या कोऱ्या बाजूवर दुधाचा हिशेब लिहायला घेतली.

कायद्याचं मी बसवल्यानंतर वाचलं, जे आधी वाचायला हवं होतं. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: नोंदणीतला तपशील कंपनीने ठरवून दिल्यापेक्षा वेगळा होईल असा बदल गाडीत करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते ठणकावून सांगितलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीत मालकाला बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आली. वाचून झाल्यावर मी खिडकीतून गाडीकडे बघितलं. ती शांत बसली होती. मी पडदा ओढला. याबद्दल मला अभिमान नाही.

खरी हरकत मात्र कायद्याची नव्हती, सासूबाईंची होती. त्यांचे गुडघे दुखतात. पहिल्यांदा बसायला गेल्या तेव्हा सीट त्यांच्या अंदाजापेक्षा दोन बोटं खाली. धपकन बसल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "कितें गो, गाडी बसली?" माझ्याशी त्या मराठीत बोलतात, सावंतवाडीच्या सुनेचा मान म्हणून, कोकणी बाहेर आली की समजायचं, पारा चढलाय. उतरताना दाराची वरची कडा धरून, एक पाय बाहेर, दम, मग दुसरा. "विहिरीतून वर आल्यासारखं होतं," म्हणाल्या. मी त्यांना मिलिमीटर सांगितले नाहीत.

पण गाडीची खरी परीक्षा फेरीबोटीवर. रायबंदर आणि चोडणच्या मध्ये मांडवी. आता मोठ्या रो-रो आल्या आहेत, मी सांगते ती गोष्ट त्यांच्याआधीची, जुन्या फेऱ्यांच्या काळातली. धक्क्याचा उतार पाण्यात जातो, फेरी येऊन त्यावर आपला रॅम्प टाकते. भरती असेल तर गाडी सरळ आत. ओहोटीला उतार लांबलचक उघडा पडतो, शेवाळलेला, खालच्या बाजूला झिजलेला. गाडी नाक खाली करून उतरते आणि समोर रॅम्प वर चढणारा. दोघांच्या मध्ये जी खाच होते तिच्यात बंपरची खालची कड टेकते. तिथून सुटलं तर रॅम्प संपून डेक लागतो तो उंचवटा, तिथे पोट. आधी नाक, मग पोट. आणि तिथे तिरपं जायला जागा नसते. दोन्ही बाजूंना स्कूटरवाले, मागे हॉर्न. पहिल्याच आठवड्यात फेरीवरच्या माणसाने हात आडवा करून ओरडून सांगितलं, "बाये, सकयल लागता!" म्हणजे खाली लागतंय. सगळी फेरी माझ्याकडे बघायला लागली. नवरा शेजारी बसून दूर चोडणच्या माडांकडे बघत होता, जणू आमची ओळख नाही.

त्यावर मी उपाय काढला तो वजनाचा. एक माणूस उतरला की गाडी सहासात मिलिमीटर वर येते. सासूबाई पन्नास किलोच्या, म्हणजे साडेपाच. नवरा नऊ. ओहोटीला सगळ्यांनी उतरायचं, चालत फेरीत चढायचं, मी एकटी गाडी आत घालायची. एरवी ठीक. पण चवथीच्या आदल्या दिवशी पणजीहून माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या फळांचं सामान आणायचं होतं, आणि मागे दोन डझन नारळ, सुपारीचा घोस, तोरिंजनं, चिबूड, केळीचा घड. मागची सीट पाडलेली. फळं काही उतरून चालत जात नाहीत.

सकाळी निघताना मी म्हटलं, नऊला पोहोचू, अकराला परत. सासूबाई देवाजवळ बसून वाती करत होत्या. तिथूनच म्हणाल्या, "आज तृतीया. सव्वादोनला भरती. दीडच्या आधी रायबंदरला यायचं नाही."

मी विचारलं हे कुठून काढलंत. त्यांनी बोटं मोजून दाखवली. जितकी तिथी, तिची पाऊणपट. तेवढे वाजता भरती. तृतीयेला तीन पाउणे सव्वादोन. चतुर्थीला तीन. अष्टमीला सहा, म्हणून अष्टमीला दुपारी बाराला पाणी तळाला. त्यांच्या वडिलांचं खाजनातलं शेत होतं, मानशीची दारं कधी उघडायची ते याच हिशेबावर ठरायचं. दुपारभर मी मनात तपासत होते. चंद्राची फेरी तीस तिथींत चोवीस तासांची. एका तिथीला ४८ मिनिटं यायला हवीत, पाऊण तास म्हणजे ४५. तीन मिनिटांची चूक. पौर्णिमेपर्यंत पोहोचताना ती पाऊण तासाची होते, पण तृतीयेला नऊच मिनिटं. शिवाय नदीत पाणी आत यायला लागणारा वेळ वेगळा. हे मी त्यांना बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, "नऊ मिनिटांत काय होतं? फेरी तितकी थांबतेच."

पावणेदोनला आम्ही रायबंदरच्या धक्क्यावर. समोर तीन गाड्या, मग आम्ही. पाणी उताराच्या अर्ध्याच्या वर आलेलं, अजून चढत होतं. वरच्या फरशांच्या फटींतून बुडबुडे निघत होते. पहिली फेरी आली, तीन गाड्या गेल्या, माणसाने मला हात केला, "फुडें यो." मी गिअर टाकला. सासूबाईंनी माझ्या हातावर हात ठेवला.

"पाणी चडूं दी," त्या म्हणाल्या.

मागून हॉर्न वाजला. मी हात बाहेर काढून मागच्याला पुढे जायची खूण केली. तो गेला, जाताना माझ्या चाकांकडे बघून काहीतरी बोलला. सासूबाईंनी पिशवीतून एक चिबूड काढलं, हुंगलं, परत ठेवलं. मग दार उघडलं, कडा धरली, एक पाय बाहेर टाकला.

"कुठे?" मी विचारलं.

"साडेपाच ना मी?" म्हणाल्या, आणि उताराच्या कडेला जाऊन पाण्याकडे बघत उभ्या राहिल्या.